फड्या निवडुंगाच्या बोंडांची मार्गारिटा घरी कशी करायची

टकीला ही मेक्सिकोची दारू निवडुंगापासून काढतात असं छातीठोकपणे सांगणारी माणसं सांगलीत पैशाला पासरी भेटतील. काही वर्षांपूर्वीपर्यंत मीही त्यांतलाच होतो. टकीला निघते घायपातापासून, तेही मेक्सिकोतल्या निळसर पानांच्या एकाच जातीच्या. घायपात काटेरी आणि जाड पानांचा असला तरी निवडुंगाच्या कुळातला नाही. वनस्पतिशास्त्रात त्याची जागा चक्क शतावरीच्या कुळात आहे. म्हणजे टकीलाच्या बाटलीत निवडुंगाचा थेंबही नसतो. निवडुंगाची चव हवी असेल तर ती आपली आपणच घालायची, आणि ती असते त्याच्या फळात, म्हणजे बोंडात.

ही बोंडं जत, आटपाडी, कवठे महांकाळ, तिकडे माण-खटाव या सगळ्या कोरड्या पट्ट्यात माळावर आणि बांधावर फुकट लगडलेली असतात. शेजारच्या बांधावर घायपातही असतो. गंमत म्हणजे ही दोन्ही झाडं मूळची आपली नाहीतच, दोन्ही अमेरिका खंडातून आलेली. मेक्सिकोच्या झेंड्यावरचा गरुड बसलाय तोही फड्या निवडुंगावरच. तिथून हजारो मैलांवर येऊन दोघं आपल्या माळावर शेजार करून राहिले. मी फक्त त्यांना एका पेल्यात आणतो, टकीला आणि लिंबाच्या मार्गारिटात.

काम दोन टप्प्यांत करा. आदल्या दिवशी बोंडांचा पाक आणि पेल्याच्या दिवशी फक्त ढवळाढवळ. दोन्ही एकाच संध्याकाळी करायला गेलात तर पाहुणे हॉलमध्ये आणि तुम्ही मोरीत बोटातली कुसळं काढत बसलेले, असं होतं. माझं झालं आहे.

आधी झाड ओळखा

हा भाग घाईत वाचू नका. मराठीत आपण बऱ्याच काटेरी झाडांना सरसकट निवडुंग म्हणतो आणि त्यातली काही घातक आहेत. त्रिधारी निवडुंग, वई निवडुंग, शेर ही सगळी चिकाची झाडं. फांदी मोडली की पांढरा दुधासारखा चीक येतो. तो कातडीला भाजतो आणि डोळ्यात गेला तर दृष्टीवर बेततं. त्यांचं काहीही खायचं-प्यायचं नाही.

आपल्याला हवा तो फड्या निवडुंग. काही जण त्याला नागफणा म्हणतात. भाकरीएवढे चपटे, जाड, हिरवे फड एकावर एक डकवल्यासारखे, फडांवर ठिकठिकाणी काट्यांचे झुपके आणि फडाच्या कडेला रांगेनं बसलेली बोंडं. फडाला सुरीनं खाच मारली तर पांढरं दूध येत नाही, कोरफडीसारखा बुळबुळीत पाणचट रस येतो. पांढरा चीक दिसला की झाड सोडून द्या.

एखाद्या फडावर कापसाच्या पुंजक्यांसारखं पांढरं काहीतरी दिसेल. काडीनं चिरडलं तर गर्द लाल डाग पडतो. तो किडा आहे. १७९५ साली इंग्रजांनी लाल रंग मिळवायला म्हणून हा किडा ब्राझीलहून कलकत्त्याला आणला. पण आला तो रंगाचा खरा किडा नव्हता, त्याचा भाऊबंद होता. रंग काही धड मिळाला नाही, निवडुंगाची एक जात मात्र त्यानं फस्त केली. पुढे १९२६ मध्ये निवडुंग हटवण्यासाठी म्हणून मुद्दाम या किड्याची दुसरी जात श्रीलंकेहून आणली. असे फड टाळा. बोंडं विषारी होत नाहीत, पण सुकलेली आणि बेचव निघतात.

रस्त्याकडेची बोंडंही नकोत, डांबरी रस्त्याचा धुरळा त्यांच्यावर बसलेला असतो. आणि बांध कुणाचा तरी असतोच. विचारून तोडा. नाही कुणी म्हणत नाही, उलट येडा समजून दोन जास्त देतात.

तोडणी

महिना बघू नका, रंग बघा. हिरवं बोंड तुरट, लालसर झालेलं आंबट, आणि पार काळपट जांभळं झालेलं, वांग्याच्या रंगाकडे झुकलेलं बोंड आपल्या कामाचं. पिकलेलं बोंड चिमट्यानं धरून जरा पिळलं की सहज निखळतं. ओढाताण करावी लागली तर ते अजून तयार नाही.

पहिल्यांदा गेलो तेव्हा मी गाडीतून रबरी हातमोजे काढले. जतकडचे माझे मामा बांधावर बसून बघत होते.

"भाच्या, मोजं कशाला रं? त्यातनं आरपार जात्यात कुसळं. चिमटा घे, न्हायतर सांडशी."

"मामा, मोठे काटे तर दिसतायत, ते टाळतो की."

"दिसत्यात त्यांचं काय घिऊन बसलास! दिसत न्हाईत ती धरत्यात."

मामांचं खरं होतं. बोंडावर मोठे काटे नसतात किंवा थोडेच असतात, पण जागोजाग बारीक पिवळसर ठिपके दिसतात. त्या प्रत्येक ठिपक्यात केसाहून बारीक अशी कितीतरी कुसळं असतात आणि प्रत्येकाच्या टोकाला उलटे दाते. बोटाला नुसतं लागलं तरी सुटून आत शिरतात. रबरी मोजे त्यांना अडवत नाहीत, उलट मोज्यातच रुतून बसतात आणि पुढच्या वेळी मोजा घातला की आतून टोचतात. म्हणून चिमटा. घरात चपात्या फुगवायचा लांब चिमटा असतो तो उत्तम. खाली स्टीलची बादली ठेवा, पिशवी नको. पिशवी पुढे आठवडाभर टोचत राहते.

४ ते ५ पेल्यांसाठी अर्धा किलो बोंडं पुरतात. त्यातून पाक उरतोसुद्धा.

तरी बोटात कुसळं गेलीच तर चोळू नका आणि तोंडानं ओढू नका. चिकटपट्टी दाबून ओढा. त्यानं बरीच निघतात. उरलेल्यांवर फेव्हिकॉलचा पातळ थर द्या, पूर्ण वाळू द्या आणि सालीसारखा सोलून काढा. शाळेत हातावर फेव्हिकॉल लावून साल काढायचा उद्योग केला असेल तर हात बसलेला असतो. कुसळं असलेला हात डोळ्याला लावायचा नाही, एवढं मात्र बजावून सांगतो.

कुसळं काढणं

गावात पोरं बोंडं वाळूत लोळवतात, गवताच्या चुड्यानं घासतात आणि खातात. त्यांचं जमतं. आपण पाहुण्यांना पाजणार आहोत, म्हणून जाळायचं. दुष्काळात काटे जाळून जनावरांना फड घालतात, तीच ही युक्ती.

गॅसची शेगडी मध्यम आचेवर ठेवा. बोंड चिमट्यात धरून भरताच्या वांग्यासारखं फिरवत राहा, पण भाजायचं नाही. १५ ते २० सेकंद पुरे. ठिपक्यांवर ज्योत आली की बारीक चटचट असा आवाज येतो आणि ठिणग्यांसारखं काहीतरी लकाकून जातं. ती कुसळं जळाली. आवाज थांबला की बोंड फिरवा. देठाची बाजू आणि डोक्यावरचा खळगा या दोन जागा विसरू नका. खळग्यात, जिथं पूर्वी फूल होतं, तिथं सगळ्यात जास्त कुसळं लपलेली असतात. साल जरा चकाकते, एखादी जागा काळी पडते, तेवढ्यावर थांबा. जास्त वेळ धरलं तर आतला गर शिजतो आणि रंग मरतो.

सगळ्या बोंडांची कुसळं जाळून झाली की ती पाण्यानं भरलेल्या पातेल्यात टाका, पळीनं ढवळा, ते पाणी ओता. असं दोनदा. पाणी ओतल्यावर पातेल्याच्या कडेला चिकटलेली पिवळी लव दिसते. ती पुसायला हात नाही, कागद वापरा.

आता पाटावर बोंड काट्याच्या चमच्यानं दाबून धरा. सुरीनं दोन्ही टोकं चांगली अर्ध्या बोटाएवढी उडवा, खळगा पूर्ण गेला पाहिजे. उभी चीर द्या, साल उघडा आणि चमच्यानं गर खरवडून घ्या. साल वापरायची नाही. गराचा रंग पाहून पहिल्यांदा कुणीही क्षणभर थांबतं. बिटाहून गर्द, जांभळ्याकडे झुकणारा किरमिजी. आणि डाग बिटाहून हट्टी. पांढरा सदरा घालून हे काम करू नका, ओट्यावर सांडलं तर लगेच पुसा.

रस आणि पाक

माझी पहिली खेप इथंच फसली. गर सरळ मिक्सरमध्ये घातला. बोंडाच्या बिया पेरूच्या बियांपेक्षाही टणक. त्या दळल्या गेल्या, रस कडवट आणि वाळू मिसळल्यासारखा झाला. मग दुरुस्ती म्हणून तो अर्धा तास उकळला. रंगाचा चिकू झाला. ओतून दिला. मामांकडून आणलेली सगळी बोंडं वाया गेली आणि ते मामांना आजवर सांगितलेलं नाही.

बरोबर पद्धत अशी. घरात पुरणयंत्र असतंच. बारीक जाळी लावा आणि गर पुरणासारखा फिरवून काढा. बिया वर राहतात, गर खाली येतो. पुरणयंत्र नसेल तर गर पातेल्यात घेऊन रवीनं घुसळा आणि पिठाच्या चाळणीतून पळीच्या पाठीनं दाबा. जोर लावायचा तो गराला, बियांना नाही.

आलेला रस आता कापडातून गाळा. चाळण पुरत नाही, कारण एखादं चुकार कुसळ चाळणीतून सहज जातं. ते जिभेला लागलं तर दोन दिवस दिसत नाही आणि जातही नाही. जुन्या मलमलीचं किंवा धुतलेल्या पंचाचं कापड दुहेरी करा, रस ओता आणि टांगून ठेवा. पिळू नका, पिळलं तर कुसळं कापडाच्या विणीतून खाली येतात. रस चिकट असतो, सावकाश गळतो, तासभर लागतो. तेवढ्यात जेवून घ्या. अर्ध्या किलो बोंडांतून माझ्याकडे साधारण एक कप, म्हणजे २०० मिलीच्या आसपास रस निघतो.

२०० मिली रसाला १०० ग्रॅम साखर. पातेलं मंद आचेवर ठेवा, साखर विरघळेपर्यंतच ढवळा. कडेला पहिले बुडबुडे दिसले की बंद. उकळी फुटू द्यायची नाही. या रंगाला उष्णता सोसत नाही, आंबटपणा मात्र चालतो. कोकमाचा किंवा जांभळाचा रंग लिंबानं पालटतो तसा हा पालटत नाही, बिटाच्याच गोतातला रंग आहे हा. म्हणून पाक कोमट झाल्यावर एक चमचा लिंबाचा रस घाला, त्यानं रंगही टिकतो आणि चवही उठते. गूळ घालून पाहिला आहे. सांगलीचा गूळ कितीही चांगला असला तरी तो बोंडाच्या चवीवर बसतो आणि रंग विटकरी करतो. इथं पांढरी साखरच.

पाक काचेच्या बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवा. साखर कमी असल्यामुळे ५ ते ६ दिवसच टिकतो. जास्त असेल तर बर्फाच्या ट्रेत ओतून खडे करा, मग महिना-दोन महिने काळजी नाही.

चव कशी असते, हे विचारतात लोक. कलिंगडाच्या सालीजवळचा गर, थोडी पिकलेली तुती, आणि शेवटाला काकडीसारखा हिरवट थंडपणा. दणकट चव नाही. म्हणूनच तिच्या जोडीला काय घालायचं हे जपून ठरवावं लागतं.

टकीला कुठली

टकीला हे नाव मेक्सिकोतल्या हालिस्को प्रांताला आणि आणखी चार प्रांतांतल्या ठरावीक भागांनाच वापरता येतं, १९७४ पासून ते नाव कायद्यानं राखलेलं आहे. तिथं घायपात ६ ते ८ वर्षं वाढवतात, पानं छाटून मधला गड्डा काढतात. तो दिसतो एखाद्या राक्षसी अननसासारखा. मग भट्टीत भाजून, रस काढून, आंबवून दोनदा ऊर्ध्वपातन करतात. आपल्या बांधावरच्या घायपाताला म्हातारपणी मधून बांबूएवढा उंच दांडा फुटतो आणि मग झाड मरतं, ते पाहिलं असेल. टकीलावाले तो दांडा वाढूच देत नाहीत, कारण गड्ड्यातली सगळी गोडी त्यात निघून जाते.

बाटली घेताना एकच गोष्ट बघा. लेबलवर शंभर टक्के अगावे, म्हणजे घायपात, असं लिहिलेलं आहे का. नसेल तर ती मिश्र टकीला, तिच्यात निम्म्याला थोडी कमी साखर उसाची किंवा इतर कसली असू शकते. उसाच्या पट्ट्यात राहून मेक्सिकोतून उसाचीच दारू महागात मागवायची, हे मला काही पटत नाही. आणि रंग पांढरा, म्हणजे ब्लँको घ्या. ती लाकडी पिंपात मुरवलेली नसते किंवा दोन महिन्यांच्या आतच बाहेर काढलेली असते, म्हणून घायपाताची हिरवी, मिरमिरीत चव ताजी असते. पिवळसर रेपोसादो दोन महिने ते वर्षभर पिंपात असते. चांगली असते, पण तिचा लाकडी वास आपल्या नाजूक बोंडाला झाकून टाकतो. त्याहून जास्त मुरवलेली अन्येहो तर नुसतीच प्यायची चीज.

भारतातही दख्खनच्या पठारावरच्या घायपातापासून मद्य काढतात, माया पिस्तोला हे त्यातलं एक नाव. त्याला टकीला म्हणता येत नाही, पण या पेल्यात ते शोभून दिसतं, आणि आपल्याच पठाराची दोन्ही झाडं एकत्र आल्याचं वेगळं समाधान मिळतं.

नियमांचं थोडक्यात. महाराष्ट्रात अशा मद्याला वयाची अट २५ वर्षांची आहे आणि पिण्याचा परवाना लागतो. एक दिवसाचा परवाना दुकानातच मिळतो. आणि पाहुणा गाडी घेऊन आला असेल तर त्याचा पेला बिनदारूचा, त्याची कृती पुढे दिली आहे.

संत्र्याचं काम

मार्गारिटाच्या मूळ कृतीत टकीला, लिंबू आणि ट्रिपल सेक नावाचं संत्र्याच्या सालीचं लिक्युअर असतं. ते महाग, आणि घरात वर्षातून चारदा लागणार. असेल तर घाला. नसेल तर नागपुरी संत्र्यानं काम होतं. दोन संत्र्यांच्या साली घ्या, आतली पांढरी जाळी सुरीनं खरवडून टाका, ती कडवट असते. साली बारीक चिरून ५० ग्रॅम साखरेत चांगल्या चुरा आणि झाकून चार-पाच तास ठेवा. साखर ओली होते, तळाशी सालीतलं सुगंधी तेल उतरतं. मग त्यातच त्या संत्र्यांचा ३० मिली रस घाला, साखर विरघळेपर्यंत ढवळा, गाळा. झालं. डबा उघडला की घरभर वास येतो.

पेला

एका पेल्याला माझं प्रमाण असं:

टकीला ४५ मिली
बोंडांचा पाक २५ मिली
ताजा लिंबाचा रस २५ मिली, म्हणजे साधारण दोन कागदी लिंबं
संत्र्याचा पाक ५ मिली
मीठ चिमटीच्याही निम्मं

ट्रिपल सेक असेल तर संत्र्याचा पाक नको, त्याऐवजी ते १५ मिली घाला आणि बोंडांचा पाक २० वर आणा.

मोजायला पेग मेजर नसेल तर खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचं टोपण शोधा. त्यावर ५ आणि १० मिलीच्या खुणा असतात. स्वच्छ धुऊन घ्या. अंदाजानं ओतू नका. लिंबू आणि साखर यांचा तोल ५ मिलीनंही ढळतो, आणि टकीला तर अंदाजानं नेहमी वरच्याच बाजूला जाते. ४५ मिली टकीलात, ती ४० टक्क्यांची असेल तर, १८ मिली शुद्ध मद्यार्क असतो. गोड-आंबट चवीखाली तो कळत नाही. म्हणून माझ्याकडे माणशी दोन पेले, तिसरा कुणी मागितला तर भडंगाची बशी पुढे सरकवतो.

शेकर नसेल तर घट्ट फिरकीच्या झाकणाची स्टीलची बाटली चालते. लोणच्याची बरणी घेऊ नका, कितीही घासली तरी मोहरी-हिंग बाहेर येतो. सगळं बाटलीत ओता, मग बर्फ घाला. बर्फ मोठ्या तुकड्यांचा आणि भरपूर, बाटली निम्म्याहून जास्त भरली पाहिजे. बारीक चुरा लगेच वितळतो आणि पेला पाणचट होतो. झाकण लावून दोन्ही हातांनी धरा आणि १२ ते १५ सेकंद जोरात हलवा. कधी थांबायचं ते हातच सांगतात. बाटलीवर बाहेरून दव जमतं आणि तिला धरवत नाही इतकी गार होते. आत थोडं पाणी मिसळतं ते हवंच असतं, त्याशिवाय चव उघडत नाही.

चहाच्या गाळणीतून पेल्यात ओता. वर दोन बोटं गुलाबी फेस येतो, बोंडाच्या चिकट रसामुळे हा फेस साध्या मार्गारिटापेक्षा जास्त वेळ टिकतो. पेला आधी अर्धा तास फ्रिजरमध्ये ठेवलेला असेल तर फारच छान. उंच देठाचा काचेचा पेला नसेल तर साधा चहाचा काचेचा ग्लास घ्या, रंग दिसला पाहिजे एवढंच.

काठावरचं मीठ

मिठाचा काठ अर्ध्याच पेल्याला लावायचा, म्हणजे ज्याला नको त्याला दुसऱ्या बाजूनं पिता येतं. लिंबाची फोड काठावरून फिरवा आणि बशीत पसरलेल्या मिठात काठ टेकवा. जाडं सैंधव दोन चमचे आणि ब्याडगीचं तिखट पाव चमचा, हे माझं मिश्रण. ब्याडगीला रंग असतो, जाळ कमी.

एकदा एका मित्रानं मदत करायच्या उत्साहात तिखट म्हणून डब्यातला कांदा-लसूण मसाला लावला. मसाला ताजा, तेलानं चमकणारा. पहिल्या घोटाला टकीला, बोंड आणि झणझणीत रस्सा असा तिहेरी अनुभव आला. रस्सा चांगला होता, असं तो अजूनही म्हणतो.

चव बिघडली तर

पहिला पेला नेहमी स्वतः चाखा. फार गोड लागला तर लिंबू ५ मिली वाढवा. फार आंबट असेल तर बोंडांचा पाक वाढवा, साखर नको, ती गार पेल्यात विरघळत नाही. सपक लागत असेल तर दोष बहुधा मिठाचा असतो, चार कण घालून बघा. घशाला कडवटपणा जाणवला तर संत्र्याची पांढरी जाळी राहिली असणार किंवा गराच्या बिया फुटल्या असणार. त्या खेपेवर उपाय नाही.

बोंडं नाही मिळाली तर

मग ड्रॅगन फ्रूट. तोही निवडुंगाच्याच कुळातला वेल, आणि जत, आटपाडी, कडेगाव भागात त्याच्या बागा आता सिमेंटच्या खांबांसकट ओळखीच्या झाल्या आहेत. पावसाळ्यात हंगाम असतो. गर लाल असलेलाच घ्या, पांढऱ्या गराला ना रंग ना फारशी चव. सोलायला सोपा, कुसळांची कटकट नाही, बिया तिळासारख्या मऊ, गाळायचीही गरज नाही. पण चवीला तो बोंडाच्या मानानं पाणचट आहे, हे मान्य करून चाला. ५० ग्रॅम गर काट्याच्या चमच्यानं कुस्करा, १५ मिली साखरेचा पाक, २५ मिली लिंबू, ४५ मिली टकीला, आणि मीठ नेहमीपेक्षा जरा सढळ. शिजवायचा अजिबात नाही.

बिनदारूचा पेला

उंच ग्लासात बर्फ, बोंडांचा पाक ४० मिली, लिंबू २० मिली, चिमूटभर काळं मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि वरून गार सोडा. ओतल्यावर एकदाच ढवळा. गुजरातेत या फळाला फिंडला म्हणतात आणि रक्त वाढावं म्हणून त्याचा रस पितात. ते ऐकून आमच्या एका पाहुण्यानं टकीलावाला पेला "औषध" म्हणून दुसऱ्यांदा मागितला. त्याला हाच दिला. दुसऱ्या दिवशी लघवीला लालसर झाक दिसली तर घाबरू नका, बीट खाल्ल्यावर होतं तसंच ते.

आवराआवर

साली, टोकं आणि गाळायचं कापड यांत अजून कुसळं आहेत हे लक्षात ठेवा. साली वर्तमानपत्रात गुंडाळून कचऱ्यात, कुंडीतल्या खतात नाही. खुरपताना हात पुन्हा त्यांच्यातच जातो. कापड धुऊन परत वापरायचा मोह होतो. टाकून द्या. पुरणयंत्राची जाळी मात्र वाहत्या पाण्याखाली उलटी धरून ब्रशनं घासा आणि प्रकाशाकडे धरून बघा. होळीला त्याच जाळीतून पुरण काढायचं असतं, आणि तेव्हा कुणाच्या जिभेला कुसळ लागलं तर नाव तुमचंच येणार.